दहा नळ्या आणि एक टेंगूळ

आत्तापर्यंत चौघं बोलले आणि चौघांनीही 'नशीब' म्हटलं. आधी त्याचं बोलते, नमस्कार मागाहून. 'नशिबानं तिच्या हाती लागलं,' असं म्हणालात. हाती लागायला ते काय रस्त्यात पडलं होतं? माझी नात वर्षाच्या वर त्या यंत्रापुढे बसली होती, तेव्हा हे नशीब कुठे चहा पीत होतं?

हं. पोरीच्या निरोपाची सभा आहे, तर आता रीतसर. सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे या संस्थेचे संचालक. व्यासपीठावर बसलेले माझ्या नातीचे सर. इथे शिकणाऱ्या पोरीपोरांनो. यंत्रं सांभाळणारे, काच धुणारे, दारावर बसणारे. आणि पुढच्या रांगेत बसून मघापासून मला घड्याळ दाखवणारा माझा मुलगा, सगळ्यांना माझा नमस्कार. माझं शिक्षण चौथी. औषधाच्या कारखान्यात एकतीस वर्षं बाटल्या धुतल्या, तेवढंच माझं विज्ञान. कुठे चुकले तर हसा, पण तोंड दाबून.

माझ्या नातीला घरात आम्ही 'चौकशी' म्हणतो. बोलायला लागल्यापासून 'का' सोडून दुसरा शब्द नाही. तीन वर्षांपूर्वी पीएच.डी.वाली डॉक्टर होऊन ती इथे पुढचं संशोधन करायला आली. काय करते, ते मला तिनंच समजावलं. पोटात अन्न पचतं ते एन्झाइममुळे. ते निसर्गाचे कारागीर. ही मंडळी आकडेमोड करून कृत्रिम एन्झाइम बनवतात, निसर्गाला जमत नाही त्या कामांसाठी. पण हिच्या वाट्याला आलेला कारागीर कामच करेना. म्हणजे करायचा, पण जावई सासुरवाडीला करतो तेवढंच.

का करत नाही, हे बघायचं यंत्र म्हणजे एनएमआर. भलंमोठं लोहचुंबक. बारीक काचेच्या नळीत एन्झाइमचं पाणी भरायचं, नळी चुंबकाच्या पोटात सोडायची, की पडद्यावर रेघ उमटते. रेघेवर टेंगळं. एकेक टेंगूळ म्हणजे आतला एकेक अणू सांगतो, मी इथे आहे आणि माझ्या शेजारी हा आहे. मी एकदा बघायला गेले तर पिवळ्या रेघेपाशीच अडवलं. 'आजी, अंबाड्यातले आकडे काढा. कमरेच्या किल्ल्या काढा.' काढल्या. मग म्हणे, 'गुडघ्यात काय बसवलंय?' आता गुडघा कुठे काढून ठेवू? लांबूनच पाहिलं. धूड दुधाच्या टाकीएवढं, आणि आवाज चिमणीच्या पिल्लाचा.

तर, मोठ्या टेंगळाशेजारी एक इवलंसं टेंगूळ दिसायला लागलं. सर म्हणाले, 'नळी घाण आहे. नीट धू.' जेवताना तिनं मला हे सहज सांगितलं. माझा घास हातातच राहिला.

"घाण? आमच्या घरच्या हाताला घाण म्हणाला तो?"

"म्हणाले, आजी. सर आहेत ते."

"म्हणाले. तू धुतलीस कशी?"

"तू शिकवलंस तशीच."

"मग घाण नाही."

"असं म्हणून चालत नाही गं. दाखवावं लागतं."

"मग दाखव. डाग दिसला तर कारखान्यात आम्ही भांडत नव्हतो. दहा खोक्यांतल्या दहा बाटल्या काढायच्या, दहा जणींनी धुवायच्या. घाण काही ठरवून बसत नाही. दहाही बाटल्यांत तेवढीच, त्याच जागी दिसली, तर तो डाग नाही, ती घडण आहे."

तिनं दहा नळ्या दहा जणांकडून धुवून घेतल्या. त्यातले चौघं इथे खाली मान घालून बसलेत. कशा धुतल्या होत्या, ते कळलंय मला. पण टेंगूळ दहाही नळ्यांत होतं. तेवढंच, तिथंच.

सर म्हणाले, 'मग पाणी खराब असेल.' तिनं नुसतं पाणी घालून पाहिलं. रेघ सपाट. सर म्हणाले, 'मग एन्झाइमच सडलंय. टाकून दे. तुझे तीन महिने उरलेत, दुसरं काहीतरी धर.' दोन वर्षांची नेमणूक, हाती काही नाही. काही नाही म्हणजे पुढची नोकरी नाही, आणि चौतिसाव्या वर्षी सामान बांधून घरी. तेव्हा मीही म्हटलं, 'टाक बाई, ते मोठे आहेत.' चुकलं माझं. भर सभेत कबूल करते.

पण ती चौकशी. म्हणाली, 'आजी, सडलेलं परत ताजं होतं का?' आणि नळी हळूहळू तापवत गेली. मोठं टेंगूळ आणि धाकटं टेंगूळ एकमेकांकडे सरकायला लागली, सरकत सरकत एक झाली. गार केलं, पुन्हा दोन! सडलेलं असं करेल का? एकच एन्झाइम दोन रूपांत जात-येत होतं, दार उघडावं आणि मिटावं तसं. शंभरात सत्त्याण्णव बंद, तीन उघडी. आणि काम होत होतं ते त्या तिघांच्याच जिवावर. ज्याला घाण म्हणून धुवायला निघाला होतात, तोच एकटा कामाला लागला होता, सर!

मग जिथे दार अडकत होतं, तिथला एन्झाइमच्या साखळीतला एक दुवा तिनं बदलला. आता शंभरात साठ उघडी, काम वीसपट. मला फोन केला, "आजी, घाण नव्हती." मी म्हटलं, "मला काय सांगतेस? त्यांना सांग." तिनं सगळ्यांच्या बैठकीत सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, रेघ पाहिली, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'मी चुकलो.' तिची नेमणूक वर्षभर वाढवून घेतली, लेखावर पहिलं नाव तिचं लावलं. सर, याला मोठं मन लागतं. माझा तुम्हांला मान आहे.

पण एक खोड आहे तुमची. जिथे जिथे तिनं हे काम मांडलं, तिथे प्रश्न आला की उभे तुम्ही राहता. मन वाईट नाही, सवय वाईट आहे. सोमवारपासून ती दुसऱ्या संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा उघडतेय. दारावर पाटी तिची, आत शिकणारी पोरं तिची, चुका झाल्याच तर त्याही तिच्याच. याहून मोठं आमच्या घरात कुणी काही केलेलं नाही, आणि हे सांगताना माझा आवाज चढला असेल तर चढू दे.

संस्थेनं तिला सांभाळलं, मला चार पायऱ्या हात धरून चढवलं, आभारी आहे. जिभेनं कुणाला ओरखडा निघाला असेल तर पोटात घाला. या वयात जीभ काही सुधारायची नाही.

आता तिच्या कामावर प्रश्नोत्तरं आहेत म्हणे. विचारा, हवं ते विचारा. सर, तुम्ही बसूनच राहायचं. चौकशी, ऊठ. उत्तर तू द्यायचं.