देवीला विचारलेला दुसरा प्रश्न

म्हापशाच्या स्टँडवर पेडण्याच्या बससाठी रांग लागली होती. सुलक्षाच्या पुढे एक बाई आणि तिची मुलगी उभी होती. मुलीच्या पोटाशी एक थंड डबा होता. त्यांच्या पुढच्या म्हातारीने मागे वळून पाहिलं.

"पहिलीत काय गो चेडू?"

"सहावीत," मुलगीच म्हणाली. "अकरा वर्षांची आहे मी."

"आणि डब्यात मासळी?"

"नाही मावशी, हिची इंजेक्शनं. अंगात वाढीचं हार्मोन कमी आहे, म्हणून डॉक्टरांनी दिलीत."

"मीच टोचून घेते रोज. आठ महिन्यांत चार बोटं वाढले."

"अगो बाय! पोरीच्या जातीला रोज सुया? देवीला तरी विचारलास?"

"सासूबाईंनी विचारलं. भटजींनी मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं, सुया द्यायच्या असतील तर उजवी पाड. पडली डावी."

"म्हणजे देवी नको म्हणाली! आणि तरी तू?"

"मी उठलेच नाही तिथून. म्हटलं, भटजी, आता माझा कौल लावा. सासूबाईंचं ऐकायचं असेल तर उजवी पाड."

रांग एक पाऊल सरकली. सुलक्षा दोन पावलं सरकली.

"मग?"

"तीही डावीच पडली."

"शिवा शिवा! मग सासू काय म्हणाली?"

"म्हणाल्या, तिसरा कौल लावा."

"तो कसा पडला?"

"आम्हांला काय ठाऊक, आजी?" मुलीने डबा दुसऱ्या हातात घेतला. "आम्ही तोवर डॉक्टरांकडे यायला म्हापशाच्या बसमध्ये बसलो होतो."