अर्धा बांधलेला फेटा

...अन् वर पार्टीतली माणसं मलाच म्हणतात, "अप्पा, तुम्ही फुटला!" फुटायला मी काय मातीची घागर हाय? तुम्हाला सांगतो, कृष्णातरावाच्या निवडणुकीत आमच्या बावड्यातल्या भिंती ह्या हातानं रंगवल्या, घसा बसंस्तोवर ओरडलो, नगरसेवक केला! का? माणूस आपलाच हाय की!

पण गल्लीतला नळ? निवडून आल्यापास्नं ठणठणीत कोरडा! आमची मंडळी म्हणाली, "तुमचाच माणूस न्हवं? मग त्याला विचारा, न्हाईतर उचला घागर." उचलली! जन्मभर लोकांच्या डोक्यावर फेटं बांधलं, अन् माझ्या डोक्यावर काय? चुंबळ!

अन् अशात साहेबांचा, म्हंजे ह्याच कृष्णातरावाचा, सत्कार! मांडव, हलगी, हार... फेटा बांधायला कोण? मीच. आता आमच्याकडची रीत अशी, बांधायला घेतलेला फेटा पुरा झाल्याबगार माणसानं उठायचं न्हाय. अपशकुन! चार वेढं दिलं... अन् थांबलो. फेट्याचं टोक माझ्या मुठीत.

"कृष्णात, नळाचं काय?"

"अप्पा, आधी फेटा..."

"आधी नळ!"

त्याचा उजवा हात आकाराम पळत आला. "अप्पा, विरोधक हसाय लागल्यात! आपल्या माणसाला असं चारचौघांत विचारत्यात व्हय?"

अरं, मग कुणाच्या माणसाला विचारू? तालमीत वस्ताद कुणाच्या थोबाडीत देतो? आपल्याच पठ्ठ्याच्या! दुसऱ्याचा पठ्ठ्या डाव चुकला तर वस्ताद गप बसून मिशीत हसतोय. माणूस आपलाच हाय, म्हणून तर बोलायचं!

हलगीवाला वाजवून वाजवून दमला, साहेब घामानं निथळलं, उठता येईना, बसवंना... शेवटी पुटपुटलं, "उद्या पाणी सोडतो."

"माइकवर बोल!"

बोलला की माइकवर! मग मी एकेक वेढा असा चापून बसवला, तुरा असा काढला, की सगळ्या मांडवात आमच्या कृष्णातासारखा देखणा गडी न्हवता. टाळ्या पयल्या कुणी वाजवल्या? मीच!

नळाला पाणी आलं. खोटं कशाला बोलू? पर तवापास्नं साहेब माझ्यापुढं डोकं करत न्हाईत. दुकानातनं शिवलेला तयार फेटा आणतात, टोपीगत घालायचा, टोपीगत काढायचा! आता गल्लीतला दिवा गेलाय. विचारणार की! मत? मतही त्यालाच देणार, माणूस आपलाच हाय! पर परवा साहेबाला थांबवाय म्हणून मागनं पाठीवर लोंबणारा शेमला धरला... तर साहेब गेलं पुढं, अन् अख्खा फेटा माझ्या हातात!