रांजणात तीस घागरी

आमच्या ह्यांच्या गणिताचं कौतुक मला नका सांगू बायांनो, ते मी माझ्या माहेरी, अकोल्याला पाहिलंय. वऱ्हाड तेव्हा सी.पी.त, म्हणजे मध्य प्रांतात होतं. हे अमरावतीला कॉलेजात नुकतेच गणित शिकवायला लागले होते, आणि लग्नानंतरची आमची पहिली दिवाळी होती. अंगणातल्या मातीच्या रांजणाला ह्यांनी वीत-वीत अंतरावर सुतळी गुंडाळून घेर मोजले. कसल्याशा सूत्रानं कोणता घेर चौपट धरला, कोणता दुप्पट, सगळी आकडेमोड केली आणि माझ्या मायला म्हणाले, "ह्यात तीस घागरी मावतील. भरून पाहा."

"मावतीन ना जवाईबापू. आधी जेवून घ्या, पुरनपोई निवून राहिली."

हे जेवून आडवे झाले, तेव्हा आम्ही दोघी विहिरीवरून पाणी आणत होतो. सव्विसाव्या घागरीलाच रांजण वाहू लागला. मी तोंड उघडणार, तर माय म्हणाली, "चूप बस. पयल्या दिवाळीले जवाई चुकत नाई."

उरलेल्या चार घागरी तिनं हंड्यात, पातेल्यात, मिळेल त्यात ओतल्या आणि ह्यांना सांगितलं, "बराबर तीस."

पुढे कितीतरी वर्षं ह्यांनी तो रांजण वर्गात शिकवला. मग एक दिवस जेवताना ह्यांचा हात थांबला. "अगं, सुतळी तर मी बाहेरून गुंडाळली होती. मातीची जाडी धरलीच नाही. मग तीस मावल्या कशा?"

मी ह्यांना आणखी भात वाढला. दिवाळीला अकोल्याला गेल्यावर ह्यांनी मायलाच विचारलं.

माय म्हणाली, "रांजनात नाई मावल्या त काय झालं? घरात त मावल्या ना."