विश्वकर्मापूजेला घरी आलेली लेक

मोटारसायकली माझ्या तीन झाल्या, पण जीव जडला तो पहिलीवर. सत्तर सालच्या आसपास मी कलकत्त्याला, हावड्याच्या एका कारखान्यात लेथवर होतो. बाळंत झालेली बायको हॉस्पिटलात हटून बसली, "नऊ महिने गाडीवर बसू दिलं नाहीत. आता लेकीला घेऊन गाडीवरच घरी येणार."

घरी आणायच्या दिवशी नेमकी विश्वकर्मापूजा आली. कारखान्यातल्या मशीनांबरोबर माझ्या गाडीलाही हार घातला. आपल्याकडे दसऱ्याला पूजा झाली की गाडीची फेरी मारतात, म्हणून मी किक मारायला गेलो.

आमच्या कारखान्यातले हालदार मिस्त्री ओरडले, "अरे, आज यंत्र चालवायचं नसतं!"

"दादा, ती हॉस्पिटलच्या फाटकात वाट बघत असेल हो."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "चालवायचं नसतं. ढकलायला कोण नको म्हणतंय?"

हॉस्पिटल दोन गल्ल्या पलीकडेच होतं. बायको लेकीला कुशीत घेऊन सीटवर बसली, मी हँडल धरलं आणि चार मिस्त्री मागून हळूहळू ढकलत निघाले. वाटेत एक बसवाला ओरडला, "काय दादा, पेट्रोल संपलं?"

हालदार म्हणाले, "हळू बोल. पोरगी झोपलीये."