पहिलं कुंकू

देवानंद : नाही, नाही. डिप्टी साहेबांच्या बाईंचा पाट डावीकडं नको. उजवीकडं घे.

कमलिनी : आत्ताच तर तुम्ही डावीकडं म्हणाले.

देवानंद : तेव्हा एसडीओ साहेबांच्या बाई येतात हे माहीत नव्हतं. डिप्टी प्लांटचे साहेब, एसडीओ जिल्ह्याचे. दोघांत वरचा कोण, याच्यावर ऑफिसात अजून वाद सुरू आहे.

कमलिनी : अहो, संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. बाया येतील, वाण घेतील, जातील.

देवानंद : पण पहिलं कुंकू कोणाले? तुले हसू येते. दिल्लीत राष्ट्रपतीपासून खालपर्यंत कोण कोणाच्या मागं बसंल हे ठरलेलं असते. प्लांटची भट्टी सुरू झाली तेव्हा आमच्या ऑफिसातल्या हिरालालनं स्टेजवरची एक खुर्ची इकडची तिकडं केली, तर आठ दिवस साहेब त्याच्याशी बोलले नाहीत. अन् माझं प्रमोशन डिप्टी साहेबांच्याच हातात आहे.

कमलिनी : मग त्यांच्या बाईंना लावते पहिलं.

देवानंद : अन् दुसरीनं घरी जाऊन सांगितलं तर? दोघे साहेब रोज संध्याकाळी सोबत पत्ते खेळतात.

कमलिनी : मग दोघींना एकदमच लावते. दोन हात आहेत मला.

देवानंद : डाव्या हातानं कुंकू? मस्करी नको करू, कमल. माझं डोकं उठलं आहे.

(देवानंदची वहिनी वच्छला तिळाच्या लाडवांचं ताट घेऊन आतून येते.)

वच्छला : लाडू झाले वळून. भाऊजी, बसा ना जरा. सकाळपासून पाटच सरकवून राहिले.

देवानंद : वहिनी, तुम्ही... तुम्ही आतच बसाल ना? म्हणजे चहाकडं कोणीतरी पाहायला पाहिजे.

वच्छला : हो जी. मी बाहेर येऊन काय करू? त्या बाया हिंदीत बोलतीन.

कमलिनी : दुर्गला तुमच्या क्वार्टरात पहिलं कुंकू कोणाला लावत होतो आपण, जाऊबाई?

वच्छला : घरातल्या मोठीले. मंग ज्या येतीन त्याईले.

देवानंद : ते रेल्वेच्या पॉइंट्समनचं क्वार्टर होतं, कमल. हे भिलाईचं सेक्टर आहे.

वच्छला : बरोबर हाय भाऊजींचं. तुमच्या दादांनी बी निघतानी हेच सांगतलं मले. म्हणे, साहेब लोकाईत जाऊन राहिली, मागं मागं राहाजो.

कमलिनी : ताट ठेवा ते, जाऊबाई. इथं बसा.

वच्छला : या पाटावर? हा तर डिप्टीणबाईचा.

कमलिनी : बसा तुम्ही.

देवानंद : कमल, फाटकापाशी जीप थांबली.

कमलिनी : थांबू द्या.

देवानंद : अगं, त्या विचारतील, ही कोण म्हणून.

कमलिनी : सांगीन. आमच्या घरातल्या मोठ्या. दुर्गच्या गुलाबराव पॉइंट्समनच्या बाई.

देवानंद : अन् प्रमोशन?

कमलिनी : तुम्ही दार उघडा.

वच्छला : घाई नको करू, कमल. कपाळावरचं कुंकू नाकावर सांडून राहिलं.