व्याह्यांनी पाडलेली दोन भोकं

आमचे व्याही जर्मन, हे तुम्हाला माहीत आहेच. शिकले वकिली, पण कोर्टात कधी उभे राहिले नाहीत. सगळी नोकरी तिकडच्या जिल्हा कचेरीत, लोकांची अपिलं ऐकण्यात.

ते इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावी राहायला आले आणि त्याच आठवड्यात सोसायटीचं, म्हणजे एचओएचं, पत्र आलं: दारातला पुतळा काढा. पुतळा म्हणजे माझं तुळशीवृंदावन! आमचे हे म्हणाले, "जाऊ दे ना, बॅकयार्डमध्ये ठेवू."

व्याह्यांनी जर्मनीहून आणलेल्या पंचने पत्राला दोन भोकं पाडली आणि ते फाइलीत लावलं. "आता हे रीतसर प्रकरण झालं. नियमावली कुठे आहे?"

घर घेतल्यापासून आम्ही ती उघडलीसुद्धा नव्हती. त्यांनी दोन दिवसांत संपवली.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी प्रेसिडेंटबाईंना शांतपणे विचारलं, "पुतळा कोणाचा?"

बाईंनी वृंदावनाचा फोटो पुढे केला. त्यावर बोट ठेवून व्याही म्हणाले,

"ही कुंडी आहे. कुंडी चार फुटांपर्यंत चालते, पान एकेचाळीस. मी मोजली, तीन फूट दोन इंच भरली. शिवाय तुमच्या पत्रात नियमाचा नंबरच नाही. माझ्या ऑफिसात असल्या पत्रावर मी सहीच केली नसती."

पाच मिनिटांत पत्र मागे!

परतताना गाडीत ते एकटेच हसत होते. मी विचारलं, "काय झालं?"

"तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून मी लोकांची अपिलं फेटाळली," ते म्हणाले. "अलीकडे बसून जिंकण्यात एवढी मजा असते, हे मला कुणी सांगितलंच नाही!"