कानापुढचा सांधा

एकसष्ट सालच्या एका सकाळी बेंगळूरच्या दातांच्या दवाखान्यात अनुसूयाबाई गाल धरून बसल्या होत्या. आज त्यांची डावीकडची दाढ काढायची होती. शेजारच्या बाकावर एक शिंपी होता. त्याची बायको नुकतीच तपासून घेऊन बाहेर आली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"दाढेचा दोष नाही म्हणाले. कानापुढं बोट ठेवलं आणि तोंड उघडायला लावलं. कट्ट वाजलं. जबड्याचा सांधा दुखावलाय."

"मग दोन दाढा काढल्या त्या?"

"चांगल्या होत्या. गेल्या."

"पण सांधा दुखावला कशानं?"

"दोरा दातानं तोडून. वीस वर्षं, रोज, त्याच एका बाजूनं."

"कात्री गळ्यातच बांधून देतो तुझ्या."

"द्या. रोज गरम शेक घ्यायचाय. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. आणि महिनाभर कडक काही चावायचं नाही."

"मग खाशील काय?"

"रागीमुद्दा. नाचणीचा मऊ गोळा तो, कोण चावतंय? गिळायचाच असतो."

"पंधरा दिवसांनी तुझ्या भाचीच्या, भाग्यलक्ष्मीच्या लग्नात चकल्या समोर येतील."

"येऊ देत. स्वल्प जीव जळेल. पण तिसरी दाढ मी कुणाला देणार नाही."

"सरी, बरं तर. चल."

दोघं गेली. अनुसूयाबाईंनी कानापुढं बोट ठेवलं आणि हळूच तोंड उघडलं. मग मिटून पुन्हा उघडलं.

आतून हाक आली, "अनुसूयाबाई, दाढ काढायची ना? या."

त्या उठल्या, पण बोट जागचं हललं नाही.

"दाढ राहू द्या, डॉक्टर. आधी इथं हात लावून बघा."